उलट्या पावलांची सफर

"वीस वर्षं कॉलेज दाखवताना पाहुण्यांकडे तोंड करून उलटा चालतोय, साधी ठेचसुद्धा लागली नाही! मागे वळून बघतात ते नवशिके!" ड्वेन ह्यूझिंगासाहेब छाती काढून म्हणाले.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका एवढ्याशा कॉलेजात ते प्रवेशप्रमुख. तिथे कुणाला प्रवेश नाकारल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मागायलाच कुणी येत नसे! अध्यक्षबाईंनी परवाच तंबी दिली होती, "आणखी एक विद्यार्थी आणा, नाहीतर खुर्ची सोडा!"

आणि आज ब्रिन नावाची चक्क एक मुलगी, आई आणि आजोबांसकट, कॉलेज बघायला आली होती! साहेब स्वतःच दाखवायला निघाले. अर्थातच उलटे.

जीभ सुसाट सुटली, तिच्यामागून पायही सुटले. भोजनगृहाकडचं वळण बोलण्याच्या भरात हुकलं, फाटक आलं नि गेलं, आणि साहेबांनी पाठीनेच दार ढकललं ते थेट शेजारच्या वृद्धाश्रमाचं!

"हे आमचं भोजनगृह!"

"अगंबाई, गरम सूप!" आई हरखली. "आणि टेबलांवर ताजी फुलं!"

साहेब चक्रावले. नाक न मुरडणारा पाहुणा त्यांनी प्रथमच पाहिला.

"ते पत्ते कुटताहेत ते प्राध्यापक का हो?" आजोबांनी विचारलं.

"फार अनुभवी मंडळी!" साहेबांनी न बघताच ठोकून दिलं.

"एकजण घोरतोय."

"संशोधन चाललं असेल!"

"आई, माझं ठरलं!" ब्रिन ओरडली. "मी इथेच येणार!"

साहेबांचे डोळे भरून आले. रुमाल काढत ते आणखी एक पाऊल मागे सरकले आणि चाकाच्या खुर्चीत धपकन बसले. खुर्ची रिकामी नव्हती!

"अहो, उठा माझ्या मांडीवरून!" एक आजी किंचाळल्या.

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ब्रिनने कॉलेजचं खरं भोजनगृह पाहिलं, एक घास खाल्ला आणि अतिशय नम्रपणे गाडी गाठली. आजोबा मात्र मागेच राहिले. त्यांनी आश्रमात खोली पक्की केली होती!

साहेब आश्रमात परतले, तशा तिथल्या संचालिका धावतच आल्या. "ह्यूझिंगा, वर्षभर ती खोली रिकामी होती हो! तिकडचं सुटलं तर इथेच या नोकरीला!"

"छे! मी शिक्षणक्षेत्रातला माणूस," साहेब ताठ मानेने म्हणाले आणि तरातरा निघाले.

दारापाशी मात्र घुटमळले.

"पगार जेवण धरून का?"