सबवूफराची स्वारी आणि निळ्या ताटल्यांचा किल्ला

श्री. वाचणारांचें कल्याण असो आणि ऐकणारांचे कान शाबूत राहोत. पुढील मजकूर कोणाची भीड धरून लिहिला नाहीं. ज्यास तो खोटा वाटेल त्यानें लेमविग कसब्यास यावें आणि इंगेबोर्गबाईसाहेबांस तोंडावर विचारावें. आजवर कोणी विचारिलें नाहीं, यावरून काय तें समजावें.

जटलंड प्रांतीं, खाडीचे काठीं, लेमविग कसबा. तेथें टेकडीवरील पिवळ्या विटांचे घरीं बाईसाहेबांचा अंमल. त्यांचे यजमान राजमान्य राजश्री थोरकिलराव पूर्वी शाळेंत सुतारकाम शिकवीत, आणि नोकरी संपल्यावर गाण्याचे यंत्राचे नादीं लागले, आणि मग त्यांनीं स्वहस्तें दोन उंच स्पीकर रचून दिवाणखान्यांत चौकीदारांसारखे उभे केले, आणि बाईसाहेबांनीं त्या दोघांचे डोक्यावर क्रोशाचे रुमाल घालून त्यांस आपले ताबेदार केलें. येथवर मुलुखांत अमन होता.

त्या दिवाणखान्याची उत्तरेकडील भिंत म्हणजे बाईसाहेबांचा किल्ला. तिजवर नाताळच्या निळ्या ताटल्या, सालाचा आंकडा घातलेल्या, सालास एक याप्रमाणें, मातोश्रींचे लग्नाचे सालापासून या स्वारीचे सालापर्यंत, छतापासून कमरेपर्यंत टांगलेल्या. घरांत कोण कधीं जन्मलें आणि कोण कधीं गेलें, तें ताटलीवर बोट ठेवून सांगावें ऐसी चाल. त्या भिंतीस खिळा ठोकण्याचा अधिकार बाईसाहेबांवांचून दुसऱ्या कोणास नाहीं. जांवयांनीं एकदां तेथें कॅलेंडर लावूं पाहिलें. तें कॅलेंडर आतां कोंबड्यांचे खुराड्यांत आहे.

आतां युद्धाचें कारण लिहितों. गांवचे चर्चांत एक जुनाट ऑर्गन होता, आणि बाईसाहेबांचे वडील त्याचा भाता पायांनीं तुडवीत, आणि लहानगी इंगेबोर्ग भात्याशेजारील फळीवर पाय सोडून बसे. पुढें चर्चाचे कारभाऱ्यांनीं तो ऑर्गन मोडीत काढिला आणि नवा, चकचकीत, पाहुण्यांस दाखविण्याजोगा आणिला. जुन्याची एक रेकॉर्ड तेवढी मागें राहिली. थोरकिलराव दर रविवारीं कॉफीचे वेळीं ती लावीत आणि चोरून बाईसाहेबांचे तोंडाकडे पाहत. एके रविवारीं बाईसाहेब वेलदोड्याचा पाव मोडतां मोडतां म्हणाल्या, "हा आमचा ऑर्गन नव्हेच, थोरकिल. याला पाय कुठायत?"

इतकें बोलून त्या विसरल्या. थोरकिलराव विसरले नाहींत. ते त्या दिवसापासून पाय शोधूं लागले.

मग त्यांनीं जांवई लाउगेराव यांस मसलतीस पाचारिलें. लाउगेराव कानांत घालावयाचीं यंत्रें बनविणारे कारखान्यांत इंजिनीयर, नाद मोजण्यांत निष्णात, सासूपुढें मात्र मेंढरूं. त्यांनीं अर्ज केला कीं, ऑर्गनाचा तळचा खर्ज उंच स्पीकरांचे आवाक्याबाहेरचा आहे, त्यास सबवूफर नामें निराळा सरदार लागतो, आणि शहरांतील दुकानदार तो जिन्नस आठवडाभर घरीं ठेवूं देतो, मानवला तर ठेवावा, न मानवला तर परत न्यावा. थोरकिलराव संतोषले. बाईसाहेब केस करण्यास गेल्या आहेत ऐसी संधी साधून दोघे दुकानीं गेले, आणि तेथील सर्वांत थोर सबवूफर पसंत करून, गाडीची मागली बैठक पाडून, तो काळा गजराज घरीं आणून खिडकीखालीं बसविला.

बाईसाहेब परतल्या, त्यांनीं आधीं आपले केस आरशांत पाहिले आणि मग हत्ती पाहिला.

"हे वासरू कुणाचं?"

"आपलंच आहे," थोरकिलराव म्हणाले. "म्हणजे, आठवडाभर."

"खातं काय?"

"काही नाही गं. फक्त ऐकायचं."

मग त्यांनीं ऑर्गनाची रेकॉर्ड लाविली. गजराजानें पहिला चीत्कार केला मात्र, उत्तरेकडील किल्ल्यावर हाहाकार उडाला! ताटल्या दांत वाजवावे तैशा वाजूं लागल्या, आणि बाईसाहेबांचे भावाचे जन्मसालाची ताटली खिळ्यावरून सुटून सोफ्याचे उशीवर आली. दैव बलवत्तर म्हणून अभंग राहिली. बाईसाहेबांनीं ती पदराखालीं घ्यावी तैशी स्वेटराखालीं घेतली आणि फर्मान सोडिलें कीं, सदर हत्ती तात्काळ सायकलींचे छपरींत बांधावा, आणि यापुढें या घरांत जो कोणी खर्जाचें नांव काढील त्यानें तेथेंच हत्तीशेजारीं निजावें.

दुसरे दिवशीं बाईसाहेब खासा दुकानीं गेल्या, आणि दुकानदारास एकही प्रश्न न विचारितां, पावाचे डब्याएवढा एक पांढरा सबवूफर घेऊन आल्या. कारण ऐसें कीं, त्याचा रंग पडद्यांशीं जुळत होता आणि त्यावर जिरेनियमची कुंडी नीट बसत होती. रेकॉर्ड लाविली. ताटल्या निश्चळ राहिल्या.

"कॉटखाली कुत्रं गुरगुरतंय," थोरकिलराव म्हणाले.

"शिस्तीत गुरगुरतंय ना? मग झालं तर."

"इंगेबोर्ग, तुला पाय हवे होते."

"मला? मी कधी मागितले?"

थोरकिलराव खिडकीबाहेर पाहूं लागले. बाईसाहेबांस तो रविवार आठवला. परंतु तोंडानें कबूल करणें हें त्यांचे घराण्यांत नाहीं, म्हणून त्यांनीं कुंडींत पाणी इतकें घातलें कीं तें पांढरे डब्यावरून वाहूं लागलें.

तेव्हां लाउगेरावांनीं धीर धरून निवेदन केलें कीं, दोष हत्तीचा नव्हे, जागेचा. चुकीचे जागीं खर्ज ऐकूं येत नाहीं, म्हणून आवाज वाढवावा लागतो. योग्य जागा शोधण्यास या विद्येंत एक रिवाज आहे.

"खोका आपल्या बसायच्या खुर्चीत ठेवायचा, सासूबाई. आणि आपण जमिनीवर रांगत भिंतीभिंतीनं फिरायचं. जिथं खर्ज गोल, भरलेला लागेल, तिथं खोका ठेवायचा."

"रांगायचं," बाईसाहेब म्हणाल्या. "शिकलीसवरलेली माणसं असं करतात?"

"सगळेच करतात. दार लावून करतात."

मग रांगावें कोणी, हा खल जाहला. थोरकिलरावांचा खुबा नवा बसविलेला, ते खालीं बसले तर उठवण्यास बंदरांतील माल उचलण्याची यारी आणावी लागती. लाउगेराव रांगण्यास राजी होते, परंतु त्यांनीं तो ऑर्गन जन्मांत ऐकिला नव्हता. त्या घरांत त्याचे खर्जाची ओळख असलेली असामी एकच, आणि ती हातांत पाण्याची झारी घेऊन उभी.

"तुम्हा दोघांवर सोडलं तर तुम्ही न्हाणीघरात बसवाल तो," ऐसें बोलून बाईसाहेबांनीं झारी ठेविली, गुडघ्यांस स्वयंपाकघरांतील पोतेरीं बांधिलीं, आणि हत्तीस छपरींतून आणवून आपले खुर्चीवर बसविला. मग त्या चार पायांवर आल्या आणि मोहीम सुरू जाहली.

पूर्वेचे दारापाशीं खर्ज पातळ. खिडकीखालीं नुसता गलबला. कपाटामागें कांहींच नाहीं, एक हरवलेला मोजा तेवढा हस्तगत जाहला, तो बाईसाहेबांनीं थोरकिलरावांचे अंगावर फेंकिला. इतक्यांत शेजारीण मेताबाई, रिवाजाप्रमाणें दार न वाजवितां, मागील दारें सफरचंदाचा केक घेऊन आंत आल्या, आणि लेमविगांत जिचे पुढें पाद्रीही टोपी काढितो ती बाई जमिनीवर रांगत आहे आणि खुर्चीवर काळें खोकें विराजमान आहे, हें पाहून दारांतच थबकल्या.

"अगं बाई. काय हरवलंय?"

"काही नाही. पाय पूस, केक टेबलावर ठेव आणि गप्प बस. आणि हे बेकरीत सांगितलंस तर तुझ्या केकात मीठ किती असतं ते मी सांगेन."

मेताबाईंनीं पाय पुसले आणि केक टेबलावर ठेविला.

मग बाईसाहेब उत्तरेकडील भिंतीकडे वळल्या, आणि ऐन मध्यावर, मातोश्रींचे लग्नसालाचे ताटलीखालीं पोंचल्या, आणि थांबल्या. तेथें आवाज मोठा नव्हता. ताटल्या हळूच कुजबुजत होत्या. परंतु जमिनीचे फळ्यांतून तळव्यांत, तळव्यांतून कोपरांत, आणि कोपरांतून छातींत तो जुना खर्ज चढला, आणि भात्याशेजारील फळी, वडिलांचे लांकडी खडावांचा धप्प आवाज, लोंकरीचा वास, ऐसें सर्व सैन्य एकदम चालून आलें. बाईसाहेब तेथेंच जमिनीवर बसल्या. रेकॉर्डची एक बाजू संपेतों त्या उठल्या नाहींत, आणि कोणी त्यांस उठा म्हणण्याची छाती केली नाहीं.

मग यजमान आणि जांवई या दोन सरदारांनीं बगलेंत हात घालून त्यांस उभें केलें आणि निवाड्याची वाट पाहूं लागले. खर्ज कोठेंच लागला नाहीं म्हणाल्या असत्या तर कोण खोटें म्हणणार होतें? हत्ती दुकानीं परत जाऊन किल्ला वांचला असता. परंतु ज्या बाईनें उभ्या बाजारांत मासळीवाल्याचा तराजू खोटा म्हणून पालथा केला, तिनें आपल्याच कानांचा तराजू कसा पालथा करावा?

"इथं," बाईसाहेब म्हणाल्या.

"माझ्या आलेखातही हीच जागा होती," लाउगेराव हळूच बोलले. "पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"रात्रीचं जेवण इथंच होतं."

थोरकिलरावांनीं भिंतीकडे पाहिलें, आणि म्हणाले, "राहू दे गं. परत नेऊ. ताटल्या तुझ्या आईच्या आहेत."

"ताटल्या कळकट झाल्यात," बाईसाहेब म्हणाल्या. "धुवायला काढा."

"परवाच तर पुसल्या होत्यास."

"पुसणं निराळं, धुणं निराळं. शिडी आण. आणि मेता, तू नुसती बघत बसू नकोस, कागद दे."

येणेंप्रमाणें निळ्या ताटल्या एकेक करून, नांवानिशीं, सन्मानानें खालीं उतरल्या. खिळे जागचे जागीं राहिले. पांढरा डबा कुंडी काढून घेऊन दुकानीं परत गेला, आणि काळा गजराज उत्तरेकडील भिंतीशीं कायम जाहला, आणि दुसरेच दिवशीं त्याचे पाठीवर क्रोशाचा रुमाल पडून तोही ताबेदार जाहला. रविवारीं रेकॉर्ड लागली. बाईसाहेबांनीं सपाता काढून तळवे जमिनीस टेकिले आणि डोळे मिटले. थोरकिलरावांनीं विचारिलें, "आता?" हुजुरांतून उत्तर आलें, "बोलू नकोस. बाबा थकलेत, पण तुडवतायत."

सबब नमूद करण्यांत येतें कीं, या मोहिमेंत फत्ते सर्वस्वीं इंगेबोर्गबाईसाहेबांची जाहली, शरण कोणी गेलें नाहीं, आणि किल्ला पडला ऐसें जो म्हणेल तो खोटा. ताटल्या केवळ धुण्यास उतरल्या आहेत. त्यास आतां तिसरा नाताळ होऊन गेला. त्या अद्याप वाळत आहेत.