एस्थरमावशींचा शनिवार

भांडण ऐन रंगात यायचं आणि एस्थरमावशी खिडकीबाहेर बघायच्या. ऊन भिंतीवरून उतरलेलं दिसलं की पिशवी उचलून समोरच्या महापालिकेच्या अधिकाऱ्याला म्हणायच्या, "थांबा. उरलेल्या शिव्या सोमवारी."

तो उघड्या तोंडाने बघत राहायचा. मीसुद्धा. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. लढ्याला सुट्टी नसते, हे त्यांतच वाचत मी वाढले. आणि ही सत्तरी ओलांडलेली बाई दर शुक्रवारी सूर्यास्ताला लढा अर्धवट टाकून घरी जात होती!

मावशी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंपैकी. घराणं मूळ कोकणातलं, नवरा रेल्वेत गार्ड, म्हणून सोलापुरात आलेल्या. मुलगा इस्राएलला गेला, आसपासची दोन-तीन ज्यू घरंही उठून गेली, नवरा वारला. मावशी राहिल्या. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ. चूल नाही, फोन नाही, बटणाला हात नाही.

बाकीचे दिवस मात्र गल्लीला उसंत नसे. निवृत्त नर्स होत्या. कुणाच्याही घरात शिरून पाण्याच्या पिंपाचं झाकण उचलायच्या. "लक्ष्मी, या आळ्यांचं रेशन कार्ड काढलंस का गं? चांगल्या बाळसं धरून आहेत." लस न घेता पळालेल्या एका पैलवानाला त्यांनी तालमीतून दंडाला धरून बाहेर आणलं होतं. माझं एक पत्रक त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि परत दिलं. "यात 'जनता' फार आहे. संडास एकदाही नाही. जनता जाते कुठं?"

मला धक्का बसला. पण खरंच, आमच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या बायका जात कुठं होत्या? अंधाराची वाट बघत होत्या! त्या बायकांसाठी मावशींनी वर्षानुवर्षं भांडून एक संडास बांधून घेतला. नळासकट, कडीसकट. त्या जागेवर वॉर्डातल्या एका पुढाऱ्याला दुकानगाळे काढायचे होते. मावशींचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ होतं. म्हणून त्याने जेसीबी पाठवला तो शनिवारी सकाळी.

मी धावत जाऊन मावशींचं दार बडवलं. "मावशी, संडास पाडतायत!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "आज मी फोन लावणार नाही. अर्ज लिहिणार नाही. आज काही मोडायचं नाही, काही बांधायचं नाही."

"ते मोडतायत त्याचं काय?" मी ओरडलेच. धर्म म्हणजे काय असतो, यावर माझ्या जिभेवर अख्खं पत्रक तयार होतं.

मावशींनी चपला घातल्या. "चालायला बंदी नाही. बसायलाही नाही."

आणि त्या जाऊन संडासाच्या उंबऱ्यावर बसल्या. पदर सारखा केला, पाय पसरले.

जेसीबीवाला मोडनिंबचा होता. तो खाली उतरून हात जोडायला लागला. "आज्जी, उठा की. मला लई लांब जायाचंय."

"मग जा की बाळ. मी कुठं धरलंय तुला?"

पुढारी गाडीतून आला. "मावशी, तुमच्या धर्मात आज काम चालत नाही ना?"

"काम कोण करतंय? विश्रांती घेतेय. घ्या म्हणून देवानं सांगितलंय. कुठं घ्यायची ते माझ्यावर सोडलंय."

"उचल रे म्हातारीला!" पुढारी जेसीबीवाल्यावर खेकसला.

"मी न्हाय उचलनार," तो म्हणाला. "आज्जी हाय ती."

एवढ्यात समोरच्या घरातली शमीमआपा तंबाखूचं सूप घेऊन आली आणि मावशींच्या शेजारी विड्या वळत बसली. मागोमाग लक्ष्मी आली. मग गल्लीच आली. दुपारपर्यंत संडासाभोवती बायकांचा कारखाना सुरू झाला. पुढारी आधी गुरकावला, मग मोबाईलवर चित्रीकरण होतंय म्हटल्यावर हसला, मग गेला. जेसीबी त्याच्या मागून गेला. संडास आजही उभा आहे. मावशी गेल्या तेव्हा शोकसभेत पहिलं भाषण त्याच पुढाऱ्याने केलं. तो धक्का मला अजून पचलेला नाही.

पण त्या दिवशीचा धक्का वेगळाच होता. जेसीबी गेला तरी मावशी उठल्या नाहीत. "तो परत येईल. अंधार होऊ दे." तीन तारे दिसले तेव्हाच उठल्या आणि मला म्हणाल्या, "माझ्या घरून मनुकांचं सरबत आण, लवंगा आण, मेणबत्ती आण. शब्बाथला निरोप द्यायचाय. आणि तिकडं, समोरच्या कट्ट्यावर. संडासापाशी देवाचं नाव घेत नाहीत."

बायका त्यांच्या मागे कट्ट्यावर आल्या. मावशींनी सरबताचा पेला हातात धरला आणि हिब्रूतून प्रार्थना सुरू केली. अधिकाऱ्यांना कापरं भरवणारा तो आवाज इतका बारीक होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. पहिला आशीर्वाद संपला. शमीमआपाने सवयीने ओंजळ धरली होती. ती म्हणाली, "आमीन." तिचं बघून लक्ष्मी म्हणाली. मग सगळ्याच.

 मावशींच्या पेल्यातून सरबत हातावर सांडलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"क्या हुआ मौसी?" शमीमआपा घाबरली. "गलत बोली क्या मैं?"

"नाही गं," मावशी म्हणाल्या. "म्हणणाऱ्यानं आपलं आपण आमेन म्हणायचं नसतं. ते दुसऱ्यानं म्हणायचं. हे गेल्यापासून दर शनिवारी मीच म्हणत होते. दुसरं कोण म्हणणार?"



मावशींनी लवंगा हातात घेतल्या, पुढचा आशीर्वाद म्हटला आणि शेवटाशी थांबल्या. ओठ मिटले आणि बायकांकडे बघत राहिल्या.