ग्रॅफाइट घेत नाय

आमच्या शेजारचे नाना म्हात्रे डिसेंबरात स्वतः उघडे झोपतील, पण स्कूटरला गोधडी घालतील. स्कूटर विजेवरची. सकाळचं ऊन येऊन तिची सीट कोमट लागेपर्यंत ते चार्जरला हात लावू देत नाहीत. "ग्रॅफाइट घेत नाय अजून," म्हणतात. तान्हं पोर दूध घेत नाही म्हणताना आवाज व्हावा, तसा त्यांचा आवाज होतो.

नाना मूळचे गडब गावचे. जन्मभर रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त होऊन पेणला आले. काकू गेल्या, मुलगा नितीन कॅनडात, त्यामुळे शिकवायला हाताशी मी एकटाच उरलो. मी कॉमर्सवाला. दहावीला विज्ञानात काठावर सुटलेला.

"लिथियम म्हणजे गणपतीला आलेले पाहुणे," नाना सांगतात. "बॅटरीतलं ग्रॅफाइट म्हणजे घर, खोलीमागं खोली. चार्जिंग लावलं की पाहुणे आत जाऊन बसतात. गारठ्यात दारं आखडतात. मग ते ओटीवरच थर करून बसतात, नि पुन्हा हलत नायत. बॅटरी कायमची अधू. कळलं?"

मी व्हय म्हटलं. मला फक्त मोदक आठवले होते.

खरं तर ही काळजी बर्फ पडतो तिथे घ्यायची. पेणमध्ये खोबरेल तेल गोठलं तरी आम्ही गावभर सांगत सुटतो. तरीही मी तशीच स्कूटर घेतली आणि पहिल्याच थंडीत तिच्यावर बायकोची शाल घातली. बायको म्हणाली, "मला ताप आला तेव्हा चादर शोधायला सांगितली होती. ती अजून शोधताय." शाल स्कूटरवरच राहिली.

नितीनचा फोन दर रविवारी यायचा. त्या हिवाळ्यात तो चुकायला लागला. नाना फोन मांडीवर घेऊन ओटीवर बसायचे आणि मलाच समजावायचे, "तिकडं बर्फ हाय. फोनची बॅटरीबी लिथियमचीच. गारठ्यात मान टाकते. पोरगा काय करील?"

मे उजाडला. एका रविवारी मी गेलो तेव्हा नाना फोन कानाला लावून होते. रिंग मला बाहेरपर्यंत ऐकू येत होती. वाजून वाजून ती थांबली.

"घेत नाय," नाना म्हणाले.

बंद पडलेल्या फोनची रिंग वाजत नाही, एवढं विज्ञान मलाही येतं. शिवाय दुसऱ्याची चूक दाखवायची मला भारी हौस. पण त्यांचा चेहरा बघून मी म्हणालो, "नाना, अजून गारठा असेल तिकडं."

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तिथलं तापमान मी रोज बघतो रे. उन्हाळा लागलाय." त्यांनी फोन उपडा ठेवला आणि बाजूची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "उत्तर चूक हाय तुझं. बस जरा."