आमच्या नावावरचा पाऊस

सरकारी नियमांत मला कुणी पकडून दाखवावं, असं मी छातीठोकपणे सांगायचो! आमची कंपनी विमानातून ढगांवर मिठाची पूड फवारते आणि पाऊस पाडते. म्हणजे, पाडायचा प्रयत्न करते. पण ढगाला हात लावायचा तर आधी सरकारला कळवायचं, आणि फवारणी झाली की कुठे फवारलं, किती फवारलं, काय पडलं याचा अहवाल पाठवायचा. उशीर झाला तर नोटीस आणि अहवाल खोटा निघाला तर थेट तुरुंग! हे कळवाकळवीचं काम माझ्याकडे. इतक्या वर्षांत माझा एकही अहवाल उशिरा गेला नाही. जाईल कसा? विमान उडायच्या आधीच मी तो लिहून ठेवायचो!

हसू नका. वैमानिक ठरल्या वेळी उडायचा, ठरलेलं फवारायचा आणि 'हलका ते मध्यम पाऊस' कुठे ना कुठे पडायचाच. विमान उतरलं की मी फक्त बटण दाबायचो.

त्या दिवशी मला घरी लवकर जायचं होतं. उड्डाण दुपारचं. आभाळ तर असं गच्च भरलेलं की नुसतं खाकरलं तरी पाऊस पडावा! म्हटलं, आता राहिलंय काय? दाबलं बटण आणि निघालो.

घरी पोचतोय न पोचतोय तोच पाऊस असा कोसळला म्हणून सांगू! गटारं तुंबली, रस्त्यावरच्या दुचाक्या अर्ध्या बुडाल्या. मी खिडकीशी उभं राहून बायकोला म्हणालो, "बघ! याला म्हणतात काम!"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. माझे सासरे! त्यांचा सोफे बनवायचा कारखाना आहे आणि तयार माल तळघरात असतो. आता तो तळघरात तरंगत होता.

फोनवर हात ठेवून बायकोने विचारलं, "अहो, हा पाऊस तुमचा ना?"

"हळू बोल!"

"आत्ता तर ओरडून सांगत होतात!"

सासरे चिडले की कारखान्यातली करवतसुद्धा गप्प होते. तोच माझा फोन वाजला. वैमानिक होता.

"अरे, सांगायचं राहिलं. आज उड्डाण रद्द केलं. असल्या ढगांत कोण मरायला जाईल?"

"म्हणजे... फवारणी?"

"कसली फवारणी? मी दुपारपासून घरी झोपलोय!"

विमान जागचं हललं नव्हतं आणि 'फवारणी यशस्वी' असं मी सरकारला कळवून बसलो होतो! खरं सांगावं तर तुरुंग. गप्प बसावं तर पाऊस माझा आणि बुडालेले सोफेही माझ्याच डोक्यावर. मला डोळ्यांसमोर गज दिसायला लागले. गजांपलीकडे सासरे दिसायला लागले.

"तुम्ही काळजी करू नका," बायको म्हणाली. "मी डबा घेऊन येत जाईन."

दारावरची बेल वाजली आणि मी टुणकन उडालो. दारात सासरे, नखशिखांत भिजलेले. हातात सोफ्याचा एक लाकडी पाय.

"एवढाच हाताला लागला," ते म्हणाले. "हे ज्याचं काम आहे ना, तो मला एकदा भेटू दे!"

मी लांबूनच त्यांना टॉवेल दिला. पुन्हा बेल. रेनकोट घातलेले एक गृहस्थ आत आले.

"हवामान खात्यातून आलोय. आजच्या तुमच्या फवारणीबद्दल."

सासऱ्यांची मान हळूहळू माझ्याकडे वळली. "फवारणी?" त्यांनी सोफ्याचा पाय उचलला.

तुरुंग लांब होता, सासरे हातभर अंतरावर!

"माझा नाही!" मी किंचाळलो. "साहेब, हा पाऊस माझा नाही! विमान उडालंच नाही! मी अहवाल आधीच पाठवला, खोटा आहे तो! न्या मला, आत्ताच्या आत्ता पकडून न्या!"

साहेब मटकन खाली बसले. चेहरा पांढराफटक!

"उडालं नाही? अहो, असं काय करता! 'प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली' असं मी वर कळवलंय!"

"तुम्ही कधी पाहणी केलीत?"

"कसली करतोय! तुमचं सगळं नेहमी वेळेवर आणि व्यवस्थित, म्हणून मीपण तुमचं वाचून... आज फक्त त्या पाहणीच्या कागदावर तुमची सही घ्यायला घरी आलो होतो हो!" त्यांचा आवाज रडवेला झाला. "दोन पोरी आहेत माझ्या. नोकरी गेली तर?"

मी त्यांना पाणी दिलं, तर निम्मं त्यांच्याकडून सांडलं आणि निम्मं माझ्याकडून. सासऱ्यांनी सोफ्याचा पाय खाली ठेवला.

"म्हणजे पाऊस आपला आपण पडला, आणि तुम्ही दोघांनी तो पाडला म्हणून सांगितलंत?"

"हो, बाबा."

"शाबास! मग चला, तळघरातलं पाणी दोघांनी मिळून उपसा!"

बादल्या ओढून ओढून आमचे हात खांद्यातून निखळायचे बाकी राहिले. दुसऱ्या दिवशी दोघांनी जोडीने जाऊन खरं काय ते सांगून टाकलं. नशीब बलवत्तर, तुरुंग टळला. साहेबांची बदली झाली. मला लेखी ताकीद मिळाली, आणि आता प्रत्येक वेळी धावपट्टीवर उभं राहून, विमान उडालेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच अहवाल लिहायचा असतो.

सरकारचं त्यामानाने बरं म्हणायचं. आता आभाळात ढग दिसला की तो कुणाचा, हे मला सासऱ्यांना आधी कळवावं लागतं. काल तर लख्ख ऊन होतं. म्हटलं, आज सुटलो! तर फोन वाजलाच.

"जावईबापू, आजचं ऊन कुणाचं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "चौकशी करून कळवतो, बाबा!"