पुस्तकाची पाठ आणि परवा

बाइंडरकाकांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. ते नातीचं होतं आणि इंग्रजीत होतं. दूरदेशी वाढलेल्या नातीला मराठी बोलता येई, लिहिता येत नसे. "आजोबा, माझ्या आवडत्या पुस्तकाची पाठ निघालीय. कशी चिकटवू?" एवढंच तिने विचारलं होतं. चाळीस वर्षं पुस्तकं बांधलेल्या माणसाच्या हातात उत्तर होतं, पण ते इंग्रजीत नव्हतं.

"अहो, फोनवर सांगून टाका की," बायको म्हणे.

"पत्राला पत्रच जायला हवं," असं म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं.

शेवटी वाचनालयात मोठ्यांसाठी चालणाऱ्या इंग्रजीच्या वर्गात त्यांनी नाव घातलं. तीन महिने मागच्या बाकावर पुस्तकात तोंड खुपसून बसले. मग बाईंनी माहितीपर निबंध लिहायला सांगितला.

"भावना नकोत, कल्पना नकोत. तुम्हाला जे येतं ते असं लिहा, की वाचणाऱ्याला ते करता आलं पाहिजे."

काकांनी शब्दकोशाचा पिट्टा पाडला. खळ कशी शिजवायची, कापडी पट्टी केवढी कापायची, सगळं उतरवलं. शेवटी लिहायचं होतं: आज चिकटवा, वजनाखाली ठेवा, परवा काढा. 'परवा'ला शब्दकोशात दोन अर्थ होते. काकांनी पहिला घेतला.

बाईंनी तपासायच्या आधीच ग्रंथपालांनी निबंध उचलून नेला. त्यांच्याकडे फाटक्या पुस्तकांचा ढीग साठला होता. आठवड्याने ते वर्गात आले, ते हातात एक फुगलेलं पुस्तक घेऊन. ते मिटायलाच तयार नव्हतं.

"काका, तुमच्या निबंधाबरहुकूम सोळा पुस्तकं केली. सोळाच्या सोळा अशीच!"

"वजनाखाली नव्हती ठेवली?"

"कशी ठेवणार? 'द डे बिफोर यस्टर्डे' काढा, असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे मुदत आधीच उलटून गेलेली. मी नियमाने चालणारा माणूस आहे."

"म्हणजे चिकटवायच्या आधीच काढायची होय!" पुढच्या बाकावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, आणि वर्ग हसून लोटपोट झाला.

काकांचे कान तापले. "सगळी नीट करून देतो. तो कागद तेवढा परत द्या. मला नाही जमायचं हे इंग्रजी. नातीला काय डोंबल कळवणार मी?"

"थांबा हो," बाई म्हणाल्या. "ग्रंथपाल, बाकीचं जमलं सगळं?"

"अगदी! पट्टी बरोबर बसली, खळीत एक गुठळी नाही."

"समजावलं कुणी?"

"समजवायचं काय त्यात? लिहिलंय की."

बाई वर्गाकडे वळल्या. "सतरा वर्षं निबंध तपासतेय. आजवर एकाही निबंधावरून कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. यांच्या निबंधाने सोळा पुस्तकं बिघडवली! वाचणाऱ्याने शब्दन् शब्द पाळला. अजून काय पाहिजे?"

शिंपीणबाईंनीच पहिली टाळी वाजवली.

काकांनी ती ओळ खोडून 'दोन दिवसांनी' असं साध्या इंग्रजीत लिहिलं, सगळा निबंध पुन्हा सुवाच्य उतरवला आणि ते पोस्टात गेले.

"आत काय आहे?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"माहिती."

"कसली?"

"माहितीपर निबंध आहे. चार पानं. इंग्रजीत. मीच लिहिलाय. एकच चूक निघाली, तीही..."

कारकुनाने धाडकन शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. काकांनी उरलेलं वाक्य रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाला सांगितलं.