मोगली एरंड माळ उतरतो

ग्रामसभा चालू असताना माळावरचे मोगली एरंड उतार उतरून गावात आले आणि समाजमंदिरासमोर रांगेत उभे राहिले. जाड खोडाचा एक पुढे होता, तो बोलणार होता. सरपंच दादारावांनी आधी एवढंच पाहिलं, की हे गावचे रहिवासी आहेत का. चार वर्षं गायरानात राहतात म्हटल्यावर बोलायला हरकत नव्हती. मत मात्र देता येणार नाही, असं त्यांना स्पष्ट सांगण्यात आलं.

एरंडाचं गाऱ्हाणं साधं होतं. चार वर्षांमागं योजनेचे साहेब गाडीभर रोपं घेऊन आले आणि भाषणात म्हणाले, हे झाड खडकावर येतं, पाणी मागत नाही, खत मागत नाही, आणि याच्या बियांच्या तेलावर गावची गिरणी अन् पाण्याचा पंप दोन्ही चालतील.

"हे आम्हाला कुणी विचारलं होतं?" एरंड म्हणाला. "जगतो आम्ही. पण जगणं वेगळं अन् बी धरणं वेगळं. उपाशी ठेवून बाळंत व्हायला सांगता तुम्ही."

बायकांच्या बाजूनं दोघीतिघींनी हुंकार दिला.

साहेब हजर होते. माणूस भला. खाली मान घालून म्हणाले, वरून सांगितलं ते मी पुढे सांगितलं. मग काय पाहिजे ते विचारलं. एरंडांना विहिरीखालची जमीन पाहिजे होती. तशी जमीन बऱ्याच जणांची होती, पण त्यांच्या मागं भाऊ होते, काठ्या होत्या. म्हणून सगळ्या माना गयाबाई सोनटक्केकडे वळल्या. तिची पाऊण एकर, आणि तीत नुकती निसवलेली ज्वारी. एकटीची वर्षाची भाकरी तेवढीच.

"गयावहिनी, गावाचं काम आहे," सरपंच म्हणाले.

गयाबाई सरपंचाशी बोललीच नाही. उठली ती सरळ एरंडापुढं जाऊन उभी राहिली.

"माझ्या ज्वारीच्या जागी तू उभा राहिलास तर मी खाऊ काय? तुझं तेल का भाकरीवर घेता येतंय? तुला तर शेळीसुद्धा तोंड लावत नाही."

असलं कुणाला तोंडावर बोलू नये, पण ती बोलून गेली होती. मग तिची नजर खाली गेली. खडकावरून चालत आल्यानं त्याच्या मुळांची सालं सोलली होती, चीक गळत होता. आणि तशातही शेंड्याला फळांचे दोन घोस धरलेले. विहिरीच्या काठाला रान असून ज्यांना धड मूठभर पिकवता येत नाही, असे गडी त्याच सभेत पान चघळत बसले होते.

"शेळी तोंड लावत नाही," ती पुन्हा म्हणाली, या खेपेला विचार करत. "बांधावर उभा राहशील? पाटाचं पाझरलेलं पाणी तुमचं. शेळ्या अन् डुकरं तुम्ही अडवायची. आत मात्र एक पाऊल टाकायचं नाही."

एरंडांनी आपसात विचार केला. थोडा वेळ नुसती पानं हलत होती. मग कबूल झाले.

पण तिच्या एका बांधावर मावणार किती? बाकीच्यांसाठी दुसऱ्यांचे बांध पाहिजे होते, आणि बांधाचं नाव काढलं की या गावात सख्खे भाऊ कोर्टात जातात. गयाबाई एरंडांना मागं घेऊन घरोघर निघाली. जो नाही म्हणाला त्याला ती म्हणायची, बरं, मग तूच सांग त्यांना. दारात उभ्या असलेल्याला तोंडावर नाही म्हणणं कुणालाच जमलं नाही.

साहेबांनी हिशेब करून सांगितलं, बांधावरच्या बियांत गिरणी चालेल, पंप नाही चालायचा.

"मग तेवढंच सांगा पुढच्या गावाला," गयाबाई म्हणाली. साहेबांनी तसा शब्द दिला.

सगळ्यांची सोय लागली आणि तो पुढारी तेवढा उरला. प्रत्येक बांधावर त्यानं दुसऱ्याला आधी चढवलं होतं. सरकून घ्या रे, म्हणून गयाबाई बाकीच्यांवर खेकसली, पण तोच नको म्हणाला.

"मी वर जातो, काकू. माळ अगदी उघडा टाकला तर माती वाहून तुमच्याच विहिरीत येईल."

त्याच सोललेल्या मुळांनी तो चढ चढून गेला. तो वर पोचेपर्यंत ती हलली नाही. नवऱ्याच्या माघारी ती कुणासाठी एवढा वेळ थांबली नव्हती.

गिरणी आता तेलावर चालते. गयाबाई एक दिवसाआड त्याला घागरभर पाणी नेऊन घालते. तिचे गुडघे धरले की तो स्वतः खाली येतो आणि दारात उभा राहतो. पाणी पिऊन झालं की ज्वारी कशी आहे ते विचारतो.

"भरलीय," ती सांगते.

मग तो चढाला लागतो.