हिंगण्याच्या उताराचा अर्ज

मुख्यालय सोडून पाच मैलांपलीकडे जाणाऱ्या नोकराने आगाऊ लेखी परवानगी घ्यावी, असा एक नियम नागपूरच्या जुने नकाशे कचेरीत होता. एक कारकून दोन दिवसांची रजा घेऊन स्वतःच्या लग्नाला गेला आणि दीड वर्षाने मुलाच्या बारशाचे पेढे घेऊन परतला, तेव्हा म्हणजे १८९१ साली तत्कालीन साहेबांनी हा नियम केला होता. पुढची त्रेचाळीस वर्षे तो कोणी पाळला नाही आणि कोणी मोडलाही नाही, कारण असा काही नियम आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते.

१९३४ च्या डिसेंबरात दप्तराची धूळ झटकताना तो मार्तंडाला सापडला.

मार्तंड हा कचेरीतला सर्वांत धाकटा कारकून. अक्षर मोत्यासारखे, मान कायम खाली. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस तो होयबा होता. पण नाताळच्या सुट्टीतल्या शेवटच्या दिवशी, एकतीस तारखेला पहाटे, तो आपली जुनी सायकल काढायचा आणि सीताबर्डीहून हिंगण्याची वाट धरायचा. तिथे त्याच्या आईची बालमैत्रीण जिजाबाई हिचे ज्वारीचे शेत होते आणि शेतात हुरडा असायचा. लोकांना तो हुरड्यासाठी जातो असे वाटे. त्यात अर्धेच खरे होते. हिंगण्याच्या अलीकडे रस्ता नाल्याकडे उतरतो. उतार चांगला अर्ध्या मैलाचा. त्या उताराच्या टोकाशी मार्तंड पाय पॅडलवरून उचलायचा, दोन्ही हात सोडून वर करायचा, तोंडाने "हुर्रर्र" असा मोठ्ठा आवाज काढायचा आणि वाऱ्यासारखा खाली जायचा. दोन मिनिटांचा खेळ. पण त्या दोन मिनिटांवर तो बाकीचे वर्ष काढत असे. हे बायकोखेरीज कोणाला माहीत नव्हते.

नियम सापडल्यावर त्याने घरी येऊन देवकीला सांगितले, "हिंगणा दहा मैल आहे वं. मी तीन वर्षांपासून गुन्हा करून राहिलो."

देवकी भिवापुरी मिरच्यांचा ठेचा कुटत होती. जिजाबाईच्या हुरड्यासोबत न्यायचा म्हणून. ती म्हणाली, "अहो, पण तो नियम कोणी पाळून राहिलं का?"

"म्हणून तर मी अर्ज करणार आहे."

"अर्ज कोणी मागितला होता तुम्हाले?"

प्रश्न बिनतोड होता. मार्तंडाने रात्रभर विचार केला, उत्तर सापडले नाही, म्हणून सकाळी अर्ज दिला. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तर निदान तो सुवाच्य अक्षरात असावा.

अर्ज बडेबाबू मनोहररावांकडे गेला. साहेब शिकारीला गेलेले, त्यामुळे त्या आठवड्यात मनोहरराव म्हणजेच सरकार होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि मार्तंडाला बोलावले.

"मार्तंडराव, 'प्रयोजन' या रकान्यात तुम्ही 'मौज' लिहिलं आहे."

"हो साहेब."

"मौज कोणत्या खात्यात येते?"

मार्तंडाने छोटेबाबू मधुकररावांकडे पाहिले. बडेबाबूंच्या मनात येणारी गोष्ट त्यांच्याआधी तोंडाने बोलणे हे मधुकररावांचे काम होते आणि ते त्यात निष्णात होते. ते म्हणाले, "मौज आपल्या कचेरीत नाही साहेब. पण हिंगण्याचा रस्ता आपल्या नकाशात आहे. 'रस्त्याची प्रत्यक्ष पाहणी' म्हटलं तर बसेल."

"बसेल," मनोहरराव म्हणाले. "पण मग पाहणीले सर्वांत धाकटा कारकून एकटाच काहून जाईल? वरचे काय मेले?"

वरचे मेलेले नव्हते. म्हणून सगळे निघाले. बडेबाबू, छोटेबाबू, दोन थोरले कारकून, मार्तंड आणि चपराशी रामाजी अशा सहा जणांचा 'वर्षअखेर सायकल दौरा' मंजूर झाला. मार्तंडाला त्यात नकार द्यायला जागाच नव्हती, कारण अर्जदार तोच होता.

दौऱ्याची शिस्त मधुकररावांनी एका रात्रीत लिहून काढली. सायकली सेवाज्येष्ठतेने चालतील. कोणीही वरिष्ठाच्या पुढे जाणार नाही, मात्र फार मागे पडून नापसंतीही दाखवणार नाही. घंटी वाजवणार नाही. घंटी वाजवून चपराशाला बोलावतात, तेव्हा मागच्याने घंटी वाजवली तर पुढच्याला काय वाटेल? म्हणून रामाजीने सर्व घंट्यांना चिंध्या बांधल्या.

एकतीस तारखेला सकाळी सात वाजता सहा जण सीताबर्डीच्या चौकात जमले. थंडी मी म्हणत होती. सगळ्यांच्या कानांना मफलर. मनोहरराव शेजाऱ्याची नवी कोरी सायकल हाताने धरून उभे होते. ते निघाले, आणि सायकल हाताने धरूनच निघाले. शंभर पावले झाली, दोनशे झाली. तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले की बडेबाबूंना सायकल येतच नाही.

हे बोलणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, तर घंट्यांना आधीच चिंध्या बांधलेल्या. मधुकररावांनी मागे वळून सायकलीवर बसलेल्या चौघांकडे असे पाहिले, की थोरला कारकून जागीच उतरला.

"बडेबाबू उभ्याने चालून राहिले," मधुकरराव दबक्या आवाजात म्हणाले, "अन् आपण बसून? लाजा वाटल्या पाहिजेत."

बिनतोड होते. कचेरीत वरिष्ठ उभा असताना कनिष्ठ बसत नाही, आणि सायकलीवर माणूस बसलेलाच असतो. सगळे उतरले. सहा माणसे सहा सायकली हाताने ढकलत दहा मैलांच्या सफरीला चालू लागली.

मार्तंड पाचवा होता. चालताना तो मनात हिशेब करत होता की उतारापर्यंत बडेबाबू दमतील, कुठेतरी झाडाखाली बसतील. एकदा ते बसले की आपण बसू शकतो. तो उताराची वाट पाहत होता आणि बडेबाबूंच्या दमण्याची. आयुष्यात प्रथमच त्याने वरिष्ठाचे मनापासून वाईट चिंतले, आणि त्याचे त्याला जरासुद्धा वाईट वाटले नाही.

मनोहरराव दमले नाहीत. पण सातव्या मैलाला त्यांच्या दोन्ही चाकांत बाभळीचे काटे घुसले आणि हवा फुस्स झाली. खरे तर हाताने ढकलायच्या सायकलीला हवेचे काय? पण मधुकररावांना ते बघवेना.

"साहेब, आपल्या चाकात हवा नाही अन् चपराशाच्या चाकात मात्र गच्च हवा. हे बरं दिसत नाही."

"राहू द्या हो," मनोहरराव म्हणाले. "माझ्यासाठी कोणी हवा सोडायची गरज नाही." आणि ते अशा आवाजात म्हणाले की ओळीने फुस्स, फुस्स सुरू झाले.

मार्तंडाने पुढच्या चाकाची हवा सोडली. मागच्या चाकाची सोडताना त्याला तो उतार दिसला, अगदी डोळ्यांपुढे. त्याने निम्म्यावर बोट दाबून धरले आणि तोंडाने फुस्स केले. सरकारी नोकरीतला त्याचा हा पहिला भ्रष्टाचार.

तेवढ्यात मागून दादाजीची बैलगाडी आली. दादाजी हिंगण्याचा शेतकरी, संत्री बाजारात टाकून रिकामी गाडी घेऊन परत चालला होता. सहा सुटाबुटातली माणसे आणि बारा बसकी चाके पाहून त्याने बैल थांबवले.

"काहून गा, साऱ्याइच्याच सायकली एकदम कशा बिघडल्या?"

"बिघडल्या नाही," रामाजी म्हणाला. "सरकारी दौऱ्यावर हायेत."

"मंग बराबर हाये," दादाजी म्हणाला, आणि बडेबाबूंकडे वळला. "मालक, तुमी बसा गाडीत. पाय सुजले दिसून राहिले तुमचे."

मनोहररावांनी तीनदा नको म्हटले आणि चौथ्यांदा दादाजी विचारायच्या आत गाडीत चढले. सायकलही वर घेतली. ते तणसावर टेकले मात्र, आणि मधुकरराव ओरडले, "बडेबाबू बसले! बसा!"

मार्तंड टुणकन सीटवर बसला. पुढे गाडी, गाडीमागे छोटेबाबू, दोन कारकून, मग तो, मग रामाजी. बैल आपल्या बैलचालीने चाललेले.  उतार समोर आला होता, पण या गतीने उतरायचे म्हणजे पुरणपोळी समोर ठेवून तिचा वास घेत बसायचे. पुढे जाता येत नव्हते. मार्तंडाच्या डोळ्यांत पाणी आले. खरेच आले.

आणि उताराच्या टोकाशी बैलांना खालच्या नाल्याचे पाणी दिसले.

सकाळपासून तहानलेली जनावरे ती. दादाजी त्याच वेळी मागे वळून बडेबाबूंना ज्वारीचा भाव सांगत होता. बैलांनी शेपट्या उचलल्या आणि जी धूम ठोकली!

"अरे! अरे! अरे!" मनोहरराव किंचाळले.

वरून हुकूम आला असे समजून मधुकररावही "अरे! अरे! अरे!" करत सुटले. त्यांच्यामागे थोरला कारकून, मग दुसरा. वरिष्ठांच्या पुढे जायचे नाही आणि फार मागेही पडायचे नाही, अशी शिस्तच होती. वरिष्ठ वाऱ्यासारखे चालले होते. मग काय! मार्तंडाने पाय उचलले. हात सोडले. दोन्ही वर केले. मागचे निम्म्या हवेचे चाक आणि पुढचे बसके चाक दगडांवर धडधड वाजत होते, मफलर मागे फडफडत होता, आणि तो "हुर्रर्रर्र" करत खाली निघाला होता, पूर्णपणे नियमात. इतका आनंद त्याला लग्नात झाला नव्हता. मागून रामाजी ओरडत होता, "बाबू, माह्या सायकलले बिरेक नाही गाऽऽ!" आणि तोही खिदळत होता.

गाडी नाल्यात गुडघाभर पाण्यात थांबली. बैल पाणी पिऊ लागले. बडेबाबूंची टोपी वाहत पुढे गेली. पाचही जण काठावर उभे राहिले. आता हसायचे की घाबरायचे? रामाजीने मार्तंडाकडे पाहिले, मार्तंडाने कारकुनांकडे, कारकुनांनी मधुकररावांकडे, मधुकररावांनी गाडीकडे. मनोहररावांचे ओठ थरथरले. मिशी हलली. आणि ते हसले! तीस वर्षांचे साठलेले हसू, पोट धरून, तणसात लोळून हसले. मग मधुकरराव हसले. मग पहिला कारकून, मग दुसरा. मार्तंड तर अर्ध्या उतारापासूनच हसत होता; त्याला मध्येच थांबून, आपली पाळी आल्यावर पुन्हा सुरुवात करावी लागली.

शेतावर पोचायला दुपार झाली. जिजाबाईने तिसऱ्यांदा आगटी पेटवली. "काहून गा मार्तंडा, तू तं दरसाली न्याहारीले येत होता!"

कोवळा गरम हुरडा, गूळ आणि देवकीचा ठेचा. मनोहररावांच्या डोळ्यांतून ठेच्याने पाणी आले, तसे सर्वांनी डोळे पुसले. हात झटकत ते म्हणाले, "मार्तंडराव, तो उतार... तुम्ही दरसाली एकटेच करून राहिले होते?"

"हो साहेब."

"अशी गोष्ट एकट्याने करायची? छे छे. याची काहीतरी व्यवस्था लावली पाहिजे."

व्यवस्था लागली. जानेवारीतच परिपत्रक निघाले. दौरा दरवर्षी होईल. बडेबाबू गाडीत बसतील. उतारावर दोन्ही हात सोडण्याचा अधिकार बडेबाबूंना, एक हात सोडण्याचा छोटेबाबूंना. इतरांनी इच्छा झाल्यास एक बोट उचलावे. आनंद वरच्यांपासून सुरू व्हावा. आणि या कामाचा पूर्वानुभव असलेले एकमेव कर्मचारी म्हणून मार्तंड यांची 'उतार प्रभारी' या पदावर नेमणूक करण्यात येत आहे. प्रभारींनी उताराच्या टोकाशी उभे राहून कोण किती वाजता उतरले याची नोंद ठेवावी.

पुढच्या एकतीस तारखेला मार्तंड वही घेऊन टोकाशी उभा राहिला. गाडी गेली, छोटेबाबू गेले, कारकून गेले. खालून हसण्याचे आवाज क्रमाने येऊ लागले. शेवटचा रामाजी.

"बाबू, आता कोणी पाहून नाही राहिलं. या ना मांगं मांगं."

"यादीत माझं नाव नाही रामाजी. मी प्रभारी आहे."

"मंग अर्ज करा."

"केला आहे. विचाराधीन आहे."

देवकीने त्याला कितीदा सांगितले, "एखाद्या रविवारी एकटे जा ना. रस्ता काही कोणी उचलून नाही नेला." पण अर्ज विचाराधीन असताना परस्पर जाणे मार्तंडाला प्रशस्त वाटेना. अकरा वर्षे तो टोकाशी उभा राहिला. बारावे वर्ष, १९४६, उजाडले तेव्हा तो स्वतः बडेबाबू झाला होता, आणि पहिल्याच आठवड्यात तो अर्ज त्याच्याच मेजावर आला. मार्तंडाने तो दोनदा वाचला. अक्षर मोत्यासारखे होते. त्याने खाली शेरा मारला: 'अर्जदार आता प्रभारी पदावर नाहीत. सबब अर्ज निकाली.'

त्या एकतीस तारखेला तो गाडीत बसला. दोन्ही हात सोडण्याचा पूर्ण अधिकार त्याला होता. पण बडेबाबूंच्या सुरक्षिततेसाठी गाडीच्या चाकांना दोर बांधण्याची पद्धत मध्यंतरी पडली होती, आणि बैलांना सकाळी पोटभर पाणी पाजून आणत. गाडी उताराच्या टोकाशी आली. मार्तंडाने हात वर केले. गाडी हळूहळू, अतिशय हळूहळू उतरू लागली. मागे पाच जण ताटकळत होते, म्हणून तो "हुर्रर्र" म्हणाला. मग सगळे म्हणाले.

वाचकांनी या गोष्टीवर हसायला आमची काही हरकत नाही. आमची हरकत विचारली कोणी, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण मघाशी मध्येच हसू आले, तेव्हा आधी मान वर करून खोलीत कोण बसले आहे, ते काहून पाहिलेत?